खालाचा डावा डोळा

माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, एकच डोळा होता आणि त्यातूनही तिला काही दिसत नव्हतं. उजवा डॉक्टरांनी मी शाळेत असतानाच काढून टाकला होता. तिथली पापणी आत बसलेली असे. डावा होता, पण दुधाळ, आणि कुणी बोललं की आवाजाच्या दिशेने हळूच वळायचा. नवखी माणसं त्या डोळ्याकडे बघून बोलताना अडखळायची. मला त्याचं काही वाटत नसे. आई गेल्यावर खालानेच मला वाढवलं, त्यामुळे एक मिटलेला आणि एक पांढरा, हेच माझ्या लेखी आईचे डोळे.

आजार घराण्यातला. आधी रातांधळेपणा, मग नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद, आणि चाळिशीच्या आत सगळं बंद. पण वेळेच्या बाबतीत खालाला कुणी फसवू शकत नसे. पहाटेच्या नमाजाची, फजरची बांग व्हायच्या आधी ती उठून, हातपाय धुऊन, वजू करून बसलेली असायची. दिवसभर ओट्यावर खाडीकडे तोंड करून कोलंबी सोलायची, आणि संध्याकाळ झाली की न सांगता पाट उचलून आत यायची. तुला कसं गं कळतं, असं मी लहानपणी विचारलं की म्हणायची, "सकाळ आत येते गो. दिसत न्हाय, पर येते." मला ते लाडाचं बोलणं वाटायचं.

खालू, म्हणजे खालाचा नवरा, होडीवाले. दिघी बंदराच्या अलीकडे, जिथे आमचं घर आहे, तिथे खाडी घराच्या पायरीपर्यंत येते, पण फक्त भरतीला. ओहोटीला नुसता चिखल आणि खेकडे. त्यामुळे खालूंची होडी भरतीलाच दाराशी लागायची आणि ते भरतीलाच जेवायचे, मग ती सकाळी असो की भर मध्यरात्री. भरती रोज थोडी पुढे सरकते, तशी आमच्या घरातली खालूंच्या जेवणाची वेळही रोज सरकायची. खालाने ते गणित जन्मभर सांभाळलं. स्वतः मात्र ती सूर्याबरोबर चालायची.

खालू पाण्यात गेले नाहीत. ओट्यावर जाळं दुरुस्त करता करता छातीला हात लावून बसले आणि संपले. त्याच महिन्यात मुंबईच्या डॉक्टरांनी खालाचा डावा डोळाही काढायचं ठरवलं होतं. आत दाब वाढला होता, बुबुळावर जखम होती, दुखणं डोक्यापर्यंत जायचं. "दिसत तर नाहीच, मग ठेवून उपयोग काय?" असं ते म्हणाले होते आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. इद्दत संपली की न्यायचं, असं ठरलं.

इद्दत म्हणजे नवऱ्यामागे बाईने घरात एकांतात काढायचे चार महिने दहा दिवस. त्यासाठी खालूंची मोठी बहीण, आमची फुप्पी, बोचकं घेऊन मुक्कामाला आली. आसपासच्या गावांत कुठेही मयत झाली तरी सगळ्यात आधी पोचणारी आणि सगळ्यात शेवटी निघणारी ही बाई. तिने खालाला मधल्या खोलीत बसवलं. त्या खोलीला एकच खिडकी, आणि ती बंदराच्या रस्त्यावर उघडणारी. परपुरुषाची नजर पडू नये म्हणून फुप्पीने खालूंच्या होडीची निळी ताडपत्री आणून खिडकीवर ठोकली. खोलीतला बल्ब गेलेला होता. तो बदलायचं कुणाच्या मनातही आलं नाही. "आंधळीला दिवा कशाला?" असं फुप्पी म्हणाली तेव्हा त्यात कुत्सितपणा नव्हता, आणि आम्हालाही ते वावगं वाटलं नाही. कुणाला वाटलं असतं?

काही दिवसांतच खाला फजरला उठेनाशी झाली. आधी थोडा उशीर, मग न्याहारीपर्यंत, मग ऊन चढेपर्यंत. दुःखाने माणूस झोपतंच, म्हणून आम्ही तिला हलवलं नाही. मी बाजारातल्या औषधाच्या दुकानात काम करते. एका दुपारी जेवायला घरी आले आणि ताट घेऊन तिच्या खोलीत गेले. बाहेर रखरखीत ऊन होतं, मासेवाली रस्त्यावरून ओरडत चालली होती, शेजाऱ्यांचा टीव्ही चालू होता. आत मात्र मध्यरात्र होती. मी खालाचा हात धरला तर तो गार लागला, गाढ झोपेत पहाटेच्या सुमाराला माणसाचं अंग निवतं तसा. तिचा श्वास इतका सावकाश चालला होता की दोन श्वासांच्या मधे मला मासेवालीची पूर्ण हाक ऐकू यायची. दार मागे लोटून घेतलं तर आपल्यालाही बाहेर रात्रच सापडेल, असं मला त्या वेळी खरोखर वाटलं. ताट तिथेच ठेवून मी बाहेर आले आणि ओट्यावर उन्हात उभी राहिले.

आणि तिचा दिवस? तो आमच्या रात्रीत उजाडायचा. खवणीवर नारळ खवल्याचा आवाज यायचा. स्वयंपाकघरात गेलं तर दिवा नाही, काही नाही. अंधारात कुणीतरी शांतपणे कालवण करत असायचं. मी बटण दाबलं की खाला बसलेली दिसायची, पांढरा डोळा माझ्याकडे वळवून. एकदा तिच्यापुढे दोन ताटं होती.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"भरती हाय ना," ती म्हणाली. जसं काही मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं.

मी मागचं दार उघडून बघितलं. पाणी पायरीला लागलं होतं.

फुप्पीला हे कळायला वेळ लागला नाही. तिने दुसऱ्या दिवशी पाहिलं, तिसऱ्या दिवशी पाहिलं. खाला रोज थोडी उशिरा उठत होती, आणि पाणीही रोज थोडं उशिरा चढत होतं. "तो येतोय," फुप्पी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली. "पान्याबरोबर येतो आन तिला उठवतो. चाळीस वर्सं जी वेळ पाळली, ती सुटंल कशी?" भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी दुकानात बसून कुणालाही ठणकावून सांगते. पण त्या आठवड्यात मी तिला उलट उत्तर दिलं नाही. खालाच्या खोलीतून हालचाल ऐकू आली की मी आधी मागच्या दाराशी जायचे, आणि दर वेळी पाणी चढलेलं असायचं. 

खरी भीती मला वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. खाला खुश होती. तिचा चेहरा उजळला होता. ती ताट वाढताना गुणगुणायची. आमच्याशी बोलायला तिच्याकडे वेळ उरला नव्हता, कारण आम्ही जागे असताना ती झोपलेली असायची आणि ती जागी असताना आम्ही. एकाच घरात राहून ती माझ्यापासून दूर चालली होती, रोज थोडी थोडी. मला आईविना एकदा राहायची सवय करावी लागली होती. दुसऱ्यांदा ते मला नको होतं.

मग पाणी पुढे निघून गेलं. भरतीची वेळ पंधरवड्यात फिरून पुन्हा तिथेच येते, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. पाणी आपला फेरा पुरा करून आलं, पण खाला तिथे नव्हती. तिचा दिवसही सरकत होता, फक्त पाण्यापेक्षा सावकाश. ती उठली, दोन ताटं मांडली, आणि मी मागचं दार उघडलं तर बाहेर चिखल पसरला होता आणि त्यात खेकडे फिरत होते. चिखलाचा वास आत आला. खालाने तो हुंगला आणि म्हणाली, "आज उशीर झाला त्याला." तिने दुसरं ताट झाकून ठेवलं.

त्या दिवशी मला कळलं की तिला पाणी नेत नव्हतं. पण मग काय नेत होतं, ते कळेना, आणि भुताला निदान नाव तरी होतं.

डोळ्याचं दुखणं अचानक वाढलं म्हणून इद्दतीतच तिला तालुक्याला न्यावं लागलं. आजारपणाला तेवढी मुभा असते. तिथे डोळ्यांची डॉक्टरीण होती, वयाने माझ्याएवढीच. तिने डोळ्यात थेंब टाकले, दाब तपासला, आणि सहज विचारलं, झोप कशी आहे? मी सगळं सांगितलं. भरतीचंही सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. याआधी या दिवसभर कुठे बसायच्या, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ओट्यावर. आणि आता? मी म्हटलं, आतल्या खोलीत, खिडकीला ताडपत्री आहे.

"आणि दिवा?"

"आंधळीला दिवा कशाला, म्हणून..." मी बोलता बोलता थांबले.

तिने खालाचा हात हातात घेतला आणि तिलाच समजावून सांगितलं, मला नाही. हे मला आवडलं. म्हणाली, मावशी, डोळ्याच्या पडद्यात बघणाऱ्या पेशी असतात, त्या तुमच्या गेल्या. पण त्याच पडद्यात आणखी थोड्या पेशी असतात, त्या बघत नाहीत. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं एक प्रथिन असतं. आधी ते बेडकाच्या कातडीत सापडलं, मग माणसाच्या डोळ्यात. सकाळचा निळसर उजेड पडला की ते प्रथिन बदलतं आणि पेशी मेंदूला निरोप धाडते, की उजाडलं. चित्र नाही, रंग नाही, नुसता निरोप. शरीराचं घड्याळ आपलं आपण चालतंच, पण बहुतेकांचं चोवीस तासांहून किंचित लांब असतं. त्या निरोपाने ते रोज जागेवर ओढलं जातं. निरोप बंद झाला की घड्याळ रोज थोडं मागे पडत जातं.

"म्हंजे ह्यो डोळा अजून चालतो?" खालाने विचारलं.

"बघत नाही. पण त्याला उजाडलेलं कळत असणार."

खालाने बोटाने पापणी चाचपली.  इतकी वर्षं तो पांढरा डोळा आमच्या आवाजाकडे वळत होता, त्याला काही कळत नाही असं धरून आम्ही त्याच्यासमोर वाटेल ते बोललो होतो, आणि तो आपला रोज पहाट टिपून घेत होता. आम्ही त्यालाच काढायची तारीख घेऊन ठेवली होती.

डॉक्टरीण म्हणाली, प्राण्यांचे मार्ग वेगवेगळे असतात. पक्ष्यांना तर डोळेही लागत नाहीत. त्यांच्या मेंदूतच अशी प्रथिनं असतात आणि उजेड कवटीतून आत झिरपतो. मला लगेच आमची कोंबडी आठवली. मुंगसाच्या तावडीतून वाचलेली, दोन्ही डोळे गेलेली, तरी सांज झाली की मान पिसांत घालणारी आणि पहाटे सगळ्यांबरोबर जागी होणारी. खाला म्हणाली, "आमची आंधळी कोंबडी माज्याहून बरी म्हनायची."

डोळा काढायचं तूर्त राहिलं. थेंब दिले. घरी आल्यावर मी खालाची खाट मागच्या पडवीत टाकली. तिथून आवार दिसतं, खाडी दिसते, पण पुरुष माणूस फिरकत नाही, म्हणजे इद्दतीलाही बाध नाही. फुप्पीने नाक मुरडलं. "पडवीत बसून काय बघायचं हाय तिला?" मी म्हटलं, तिला नाही बघायचं, डोळ्याला बघायचंय. हे ऐकून तिने असा चेहरा केला की आता घरात दोघींना भुताचा असर झालाय अशी तिची खात्री पटली असावी. पण ताडपत्री तिने स्वतःच उतरवली, आणि घडी घालताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भावाच्या होडीची होती ना ती.

लगेच काही झालं नाही. खालाचा दिवस सरकतच राहिला, कधी दुपारी उजाडला, कधी सकाळी. मग सरकता सरकता तिची सकाळ आणि आमची सकाळ एकदा एकत्र आल्या, आणि होडीचा दोर धक्क्याच्या खुंटाला अडकावा तशी ती तिथे थांबली. दुसऱ्या दिवशीही तिथेच होती. तिसऱ्या दिवशी फजरच्या बांगेआधी मला वजूच्या पाण्याचा आवाज आला. मी अंथरुणात उठून बसले आणि मोकळेपणाने रडले.

खाला रडली नाही. सोलायच्या कोलंबीचं सुपडं पुढे ओढत म्हणाली, "तू आनलंस मला परत. पर त्याला एकट्याला सोडून आले मी." मी म्हटलं, खाला, ते येत नव्हते. ती म्हणाली, "मला ठावं हाय. तरीबी." मी तिच्या शेजारी बसून कोलंबी सोलायला घेतली.

तो डोळा आम्ही पुढे काही वर्षं टिकवला. सोपं नव्हतं. दुखायला लागलं की खाला उशीत तोंड खुपसून पडून राहायची. दर वेळी मुंबईचे डॉक्टर म्हणायचे, काढून टाका, दर वेळी मी तिला विचारायचे, आणि दर वेळी ती म्हणायची, "राहू दे. तुज्या बरोबरीनं उठायला बरं वाटतं." म्हणजे ते दुखणं ती माझ्यासाठी सोसत होती, आणि मला ते माहीत होतं, आणि मला ती हवी होती. गेल्या वर्षी जखम चिघळली. आता नाही काढला तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरिणीनेच सांगितलं. नेण्याच्या दिवशी खाला उजाडायच्या आधीपासून ओट्यावर बसून होती, खाडीपलीकडे उगवतीला तोंड करून, पापणी बोटांनी वर धरून. मी गाडी आली म्हणून हाक मारली तर म्हणाली, "थांब गो जरा. भरून घेऊ दे." मग उठताना हसून म्हणाली, "आता मी पान्याच्या मागून चालनार. भेटला तर भेटला."

डोळा गेला, दुखणं गेलं, आणि काही दिवसांत खाला सरकायला लागली. डॉक्टरिणीने रोज ठरल्या वेळी घ्यायची एक गोळी दिली आहे. काही जणांना ती जागेवर आणते. खालाला अजून लागू पडलेली नाही. डोस बदलून बघतो आहोत. तोवर तिचा दिवस आमच्या दिवसातून हळूहळू फिरत जातो. मध्यान्हीला ती थंडगार निजलेली असते, आणि मला आता त्या खोलीत जायला भीती वाटत नाही, असं म्हणायला मी तयार नाही. वाटते. ताट झाकून ठेवते आणि निघते.

मला वाटलं होतं, ती पुन्हा दोन ताटं मांडेल. तिने मांडली नाहीत. ती जागी झाली की आधी अंगणात जाते, त्या आंधळ्या कोंबडीला मांडीवर घेते, आणि डोक्यावरची ओढणी काढून ठेवते. आयुष्यभर मी तिला उघड्या डोक्याने अंगणात बसलेलं पाहिलं नव्हतं. विरळ पांढऱ्या केसांतून तिची टाळू दिसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरून विचारलं, खाला, हे काय?

"कोंबडीला जमतं," ती म्हणाली. "मला का न्हाय जमनार? येईल कुटून तरी आत."

माणसाला तसं जमत नाही, हे डॉक्टरिणीने तिला नीट सांगितलं आहे. तिला ते कळलंही आहे. तरी ती बसते. खालूंच्या मागे जायची वाट आता तिला मोकळी आहे आणि ती डोकं उघडं करून माझ्याकडे यायची वाट शोधते आहे, हे पाहिलं की मला आत कामच सुचत नाही.

आज पहाटे मी अंगणात गेले तर ती आधीच तिथे होती. कोंबड्या बोलत होत्या, खाडीवर नुकतं फटफटलं होतं. माझी चाहूल लागली तशी तिने मान वळवली, दोन्ही पापण्या मिटलेल्या.

"ही कुनाची सकाळ, गो? तुजी का माजी?"

"आज दोघींची आहे, खाला."

तिने चाचपडून माझा हात धरला आणि मला शेजारी खाली बसवलं. "मंग बस हितंच," ती म्हणाली. "उद्या मी थोडी लांब असेन."